दुधाच्या खाड्याखाली लिहिलेली धाव

जवळ ये बघू जरा. कागदातून जवळ कसं यायचं म्हणशील, तर निदान तो फोन पालथा घाल आणि हे नीट वाच, कारण मी तुझ्यावर रागावले आहे. थोडीशीच, पण रागावले आहे. परवा तू हसत हसत म्हणालीस, आजी, या आठवड्याचं माझं रनिंग इतकं बेकार झालं की मी ते डिलीटच करून टाकलं, आता ग्राफ कसा मस्त वर जाताना दिसतो. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण गॅसवर दूध होतं. पण दूध उतरवल्यावरही ते डोक्यातून जाईना. अगं, पुसलंस कशाला? धाप लागली, पाय दुखले, मधेच चालावं लागलं, तर तेही तुझंच ना? मला खेळातलं काही कळत नाही हे खरं. पण पळण्याची नोंद ठेवणं या एका विषयात मी तुझी सीनियर आहे. तुझ्या आत्याच्या त्या हिवाळ्याबद्दल तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझा बाबा तेव्हा हॉस्टेलला होता, त्यालाही अर्धमुर्धंच ठाऊक. म्हणून मीच सांगते.

आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला, आताच्या याच घरात, नुकतेच राहायला आलो होतो. आज तुला इथल्या खिडकीतून मेट्रो दिसते. तेव्हा मोहरीची शेतं दिसायची, आणि शेतांच्या मधेच अर्धी उभी राहिलेली घरं, डोक्यावर सळया निघालेली. मोठ्या रस्त्यावर रंगीत टीव्हीच्या नि परदेशी कोल्ड्रिंकच्या भल्या मोठ्या पाट्या लागल्या होत्या, गच्चीवरून केबलची वायर घरात आली होती, पण दुपारनंतर नळाला पाणी नसायचं. संध्याकाळ झाली की रिक्षावाला सेक्टरात यायला सरळ नाही म्हणायचा. क्वार्टरमध्ये कसं, एका हाकेला चार बायका खिडकीत. इथे हाक मारली तर ती शेतात जायची.

तुझे आजोबा केंद्र सरकारच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते हे तुला माहीत आहे. सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. आमच्या सेक्टराच्या नकाशाची निळी प्रत त्यांनी कुठून तरी पैदा केली आणि बाहेरच्या खोलीत देवासारखी भिंतीवर लावली. आलेल्या माणसाला चहाच्या आधी नकाशा. हे मार्केट, ही शाळा, हा पार्क. पाहुणा बिचारा खिडकीतून बाहेर बघायचा, तर बाहेर वाळू आणि विटा. “अहो, पण दिसत तर काहीच नाही,” असं कुणी म्हणालं की आजोबा शांतपणे म्हणायचे, “नकाशावर आहे ना? मग आहे.”

आता आत्या. पोलिसात सब-इन्स्पेक्टर व्हायचं हे तिने कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. लेखी परीक्षा ती दोनदा पास झाली. पहिल्या वेळी पळण्यात गेली. मुलींना आठशे मीटर चार मिनिटांत पळायचं असायचं, आणि काटा चारच्या पुढे गेला की घरचा रस्ता. दुसऱ्यांदा लेखीचा निकाल लागला तेव्हा वयाची अट अशी होती की हीच शेवटची खेप. शारीरिक परीक्षा होळीच्या सुमाराला होती. आजोबांनी तिला समोर बसवलं.

“या वेळी झालं तर झालं,” ते म्हणाले. “नाही तर नागपूरच्या मंडळींना होकार कळवायचा. मग कुरकुर चालणार नाही.”

“नाही करणार,” ती म्हणाली.

ते काही वाईट मनाने म्हणाले नव्हते हं. नागपूरचा मुलगा चांगला होता, बँकेत होता, फोटोतसुद्धा नम्र दिसायचा. पण तो फोटो टेबलाच्या खणात पडून होता, आणि घरात कुणी खण उघडला की आम्हा तिघांचं लक्ष तिकडे जायचं.

तर दसरा झाला आणि तिने पळायला सुरुवात केली. कुठे पळायचं, हा प्रश्न आजोबांनी चुटकीसरशी सोडवला. आपल्या समोरच्या चौकातून रस्ता निघतो, पाण्याच्या टाकीमागून सेक्टराला वळसा घालतो आणि दुसऱ्या बाजूने परत चौकात येतो. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, वळणांवर दोरा लावून मोजलं, पेन्सिलीने गुणाकार केला. “आठशेला दोन-चार मीटर जास्तच. देवाने आखून दिलाय बघ.”

“देवाने नाही बाबा, तुमच्यासारख्याच कुणीतरी ड्राफ्ट्समनने,” ती म्हणाली. आजोबा खूश.

नोंद ठेवायची माझ्याकडे आली, कारण परत आल्यावर तिला बोलताही यायचं नाही, लिहिणार कुठून. वेगळी वही वगैरे मी केली नाही. स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं, पुण्याहून माझी बहीण पाठवायची ते. त्याच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात मी दुधाचं लिहायची, किती आलं, कधी खाडा झाला. त्याच चौकोनात खाली मी तिची वेळ लिहायला लागले. पळाली नाही त्या दिवशी लिहिलं, खाडा.

“खाडा म्हणजे काय गं?” तिने विचारलं. दिल्लीत वाढलेली ना.

“नागा.”

“मग नागाच लिही ना यार.”

“आईला यार म्हणू नये. आणि दुधाचा खाडा तो खाडाच.”

पहाटेच्या उजेडात आम्ही दोघी निघायचो. स्टॉपवॉच कुठलं आलंय, मी घरातलं गजराचं घड्याळ घ्यायची, सेकंदकाटा असलेलं. चौकात कुणीतरी घरासाठी विटा रचून ठेवल्या होत्या, त्यावर बसायची, पानिपतचं जाड ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळून. ती कॅनव्हासचे बूट बांधायची, मी काटा बारावर आला की “हं” म्हणायची, आणि ती सुटायची. टाकीपर्यंत मला दिसायची. टाकीमागे वळली की गेली. मग दुसऱ्या बाजूला, अर्धवट बांधलेल्या घरांच्या कडेने ती परत दिसेपर्यंत मी आणि घड्याळ.

तू ते चौकोन बघितलेस तर तुला आकडे दिसतील, आणि वाटेल की हा तिच्या पळण्याचा वेळ. तो आहेच. पण त्यातला बराचसा वेळ ती मला दिसत नव्हती असाही आहे. सकाळी त्या रस्त्याला चिटपाखरू नसायचं. मजूर अजून उठलेले नसायचे. गाव पलीकडे, आणि गावातली पोरं नव्या जमीनविक्रीच्या पैशाने घेतलेल्या मोटरसायकली कुठल्याही वेळी उडवत यायची. एक पांढरी व्हॅन, काचा काळ्या केलेल्या, काही दिवस टाकीजवळ उभी असायची. कुणाची, कशाला, कोण जाणे. एकदा तुझी आत्या टाकीमागे वळली आणि ती व्हॅन सुरू झाली, हळूहळू तिच्या मागे गेली. मी उभी राहिले. घड्याळ हातात, काटा फिरतोय, आणि मला पुढे जावं की इथेच थांबावं कळेना. पुढे गेले आणि ती दुसऱ्या बाजूने आली तर? ती आली. नेहमीपेक्षा फार लवकर आली. व्हॅन तिच्या मागून आली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

“नंबर पाठ केलाय मी,” ती धापा टाकत म्हणाली. “किती झाले?”

त्या दिवशीची वेळ तोपर्यंतची सगळ्यात चांगली होती. लिहायला माझा हात होईना. पण लिहिली, आणि पुढे बारीक अक्षरात ‘व्हॅन’ असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. खाडा. तिसऱ्या दिवशी ती बूट घालून दारात उभी, “चल ना आई, वेळ जातोय.” वेळ जात होता हे खरंच होतं. गेलो. व्हॅन पुढे आपोआप दिसेनाशी झाली.

दसऱ्याला तिला पाच मिनिटं लागत होती. दिवाळीनंतर साडेचार. दत्तजयंतीच्या सुमाराला ती पहिल्यांदा चारच्या आत आली आणि आजोबांनी ऑफिसातून ग्राफ पेपर आणला. माझ्या कॅलेंडरातले आकडे घेऊन ते टोकदार पेन्सिलीने ठिपके देत गेले आणि एक रेघ ओढली, वरून खाली उतरणारी. तुझा ग्राफ वर जातो म्हणालीस ना, त्यांचा खाली यायचा, आणि जितका खाली तितकं घरात सगळं छान. ग्राफ नकाशाच्या शेजारी लागला. आता पाहुण्याला चहाच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “पळते म्हणे तुमची मुलगी? लग्नाच्या वयात पळून जातात मुली, ही परत येते तेवढं बरंय.” सगळ्या हसल्या. मी पण हसले आणि त्यांच्या वाटीत तिळगूळ जरा कमी घातला.

मला तर वाटायला लागलं होतं की झालंच आता. वेळ साडेतीनच्या जवळ आली होती.

दिल्लीत मुनिरक्याला माझ्या बहिणीचा मुलगा खोली घेऊन राहायचा, जवळच्याच विद्यापीठात शिकायला. तो घरी जेवायला आला, दोन्ही प्रदर्शनं बघितली आणि म्हणाला, “मावशी, एकदा खऱ्या ट्रॅकवर पळव हिला. आमच्या ग्राउंडवर चल. स्टॉपवॉच आणतो मित्राचं. थानेदारीणबाई जरा दाखवतील तरी काय ते.”

रविवारी गेलो. दोन बस बदलून. ग्राउंडला पांढऱ्या चुन्याच्या रेघा, कोवळं ऊन, मुलं इकडे तिकडे व्यायाम करतायत. दोन फेऱ्या म्हणजे आठशे. तुझी आत्या खूश होती, पहिल्यांदाच असा सपाट रस्ता. मला पण बरं वाटत होतं, कारण इथे ती पूर्ण वेळ दिसणार होती. भाच्याने “गो” म्हटलं. पहिली फेरी छान. दुसऱ्या फेरीत, शेवटच्या वळणाच्या आधी, तिचे खांदे गळलेले दिसले. रोज घरांच्या कडेने बाहेर यायची तेव्हा ती अशी दिसायची नाही. माझ्या पिशवीत घड्याळ होतं, ते मी काढलं नाही. ती पोहोचली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली. भाचा घड्याळाकडे बघत राहिला, मग त्याने ते हलवलं, मग माझ्याकडे बघितलं.

“किती?” ती खालूनच म्हणाली.

“चार सत्तावीस.”

“परत बघ.”

“बघितलं गं.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर मी पेन घेतला तर म्हणाली, “आई, आजचं लिहू नकोस.”

“का?”

“बाबा ग्राफ काढतात.”

मी लिहिलं. म्हणजे काही ठरवून नाही, शूरपणा म्हणून नाही. दूध आलं की लिहायचं आणि नाही आलं की लिहायचं, ही सवय. आजोबांनी ठिपका द्यायला पेन्सिल उचलली, तर ठिपका इतका वर गेला की रेघेपासून तो कुठल्या कुठे एकटाच. त्यांनी बघितलं आणि पेन्सिल कानामागे ठेवली. मग सुरू झाली कारणं. आजोबा म्हणाले भाच्याचं घड्याळ बिघडलेलं असणार. भाचा फोनवर म्हणाला, मावशी, ट्रॅकवर नर्व्हस होतात नवीन माणसं. मी म्हटलं आदल्या दिवशी उपासाची साबुदाण्याची खिचडी खाल्ली, ती जड झाली.  दोन दिवसांनी भाजी निवडताना ती म्हणाली, “आई, नागपूरला थंडी फार नसते ना?”

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. ती तशी सहज बोलली होती, हवापाण्याबद्दल बोलावं तशी, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. रडली असती तर परवडलं असतं. रोज पळायला ती जात होती, पण उठवावं लागत होतं.

मग धुक्याचा आठवडा आला. तुला दिल्लीचं धुकं माहीत आहे, पण तेव्हा मधे काही नव्हतंच ना, दिवे नाहीत, इमारती नाहीत. शेतातून उठायचं आणि दाराशी येऊन बसायचं. त्या सकाळी मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, “चालेल, मग तू नको येऊस.” म्हणजे झालंच. मी ब्लँकेट घेतलं. चौकात विटा होत्या तेवढ्या दिसत होत्या. मी “हं” म्हटलं आणि दहा पावलांत ती गेली. टाकीही दिसत नव्हती.

साडेतीन झाले. चार झाले. असू दे, हल्ली मन नाही तिचं. पाच झाले. कान देऊन बसले, बुटांचा आवाज येतो का. सहा झाले तेव्हा मी उठले. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. नावाने हाक मारली तर जो कुणी असेल त्याला कळेल की इथे एक मुलगी एकटी आहे. म्हणून मी न बोलता पळत सुटले. हो, मी. पायात चपला, अंगावर ब्लँकेट, हातात घड्याळ. टाकीमागे मी तोपर्यंत एकदाही गेले नव्हते, माझी जागा विटांवर. आजोबाही गेले नव्हते, त्यांना नकाशात दिसत होतंच. रस्ता थोडा सरळ गेला, आणि माझा पाय एकदम खडीत रुतला. समोर राडारोड्याचा ढीग, त्यामागे काटेरी तार. रस्ता संपलेला.

मला वाटलं मी चुकले, धुक्यात भलतीकडे आले. तेवढ्यात डावीकडून कुत्र्यांचा आवाज आला. तिकडे शेतातून एक पायवाट जात होती, त्या वाटेने गेले, तर पुढे ट्यूबवेलच्या खोलीशी तुझी आत्या पाठ भिंतीला लावून उभी, हातात एक बूट उगारलेला, आणि समोर दोन कुत्री. मला बघून ती कुत्री गेली. मला म्हणजे त्या ब्लँकेटला घाबरून गेली असावीत.

“लागलं का कुठे?”

“नाही. हलू देत नव्हती ती.”

मी तिचे हात चाचपले, पाय बघितले, मग मी तिथे बांधावरच बसले. श्वास आल्यावर विचारलं, “पण तू इकडे शेतात कशाला आलीस? रस्ता कुठे गेला?”

“रस्ता नाहीच आहे ना इथून. गावाची जमीन आहे, भांडण चालू आहे म्हणे, म्हणून पुढचा बांधलाच नाही. मी इथूनच जाते.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. एवढीशी तर वाट आहे, पलीकडे परत रस्ता लागतो.”

 ती माझ्यापेक्षा हुशार, तिच्याच लक्षात आधी आलं. तिने बूट खाली ठेवला आणि म्हणाली, “आई, वळसा तर पुढे आहे. मी मधूनच जाते.”

घरी आजोबा दाढी करत होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “असं कसं? नकाशावर रस्ता आहे.”

“जमिनीवर नाहीये बाबा,” ती म्हणाली.

दाढी अर्धीच पुसून, माकडटोपी घालून ते निघाले. ऑफिसचा लांब टेप त्यांच्याकडे होता. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी, आणि धुक्यातून आम्ही नवराबायकोंनी तो रस्ता मोजला, मोहरी ओली, साडीचा काठ चिखलात. राडारोड्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले. तार हाताने हलवून बघितली, जणू तिच्यामागे रस्ता दुमडून ठेवला असेल. एकूण भरलं साडेसहाशे.

ती कॅलेंडरासमोर उभी होती. मागच्या वर्षाची पानंही तिने काढली होती. “म्हणजे सगळं खोटं,” ती म्हणाली. “तीन महिने. चारच्या आत कधी आलेच नव्हते मी. फेक हे, आई. दूध दुसरीकडे लिही.”

“पानिपत झालं,” आजोबा खुर्चीत बसत म्हणाले. हे कुणाला म्हणाले माहीत नाही, तिला की स्वतःला.

मला त्या वेळी काही सुचत होतं अशातला भाग नाही. मी पानं तिच्या हातातून घेतली, आणि दुधाचं बघताना बघते तसंच बघत गेले. दसऱ्याला पाच. मग साडेचार. मग चार. म्हटलं, “हे बघ, रस्ता कमी होता तर दसऱ्यालाही कमीच होता ना? घड्याळ हेच, विटा त्याच. आपल्या दूधवाल्याचं माप लहान आहे हे मला पहिल्यापासून माहीत आहे, म्हणून काय दूध आलंच नाही असं लिहिते मी? त्याच रस्त्यावर तू रडतखडत पाच मिनिटं घेत होतीस. आता साडेतीनात येतेस. मधे केलंस ना काहीतरी?”

 आजोबांनी मान वर केली.

“दे इकडे ती पानं,” ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. नवा ग्राफ पेपर घेतला, माझा एकेक आकडा घेऊन तो आठशेच्या मानाने वाढवला, आणि एकेक ठिपका पुन्हा दिला. जेवायला बोलावलं तर हूं नाही की चूं नाही. रेघ या वेळी फार वरून सुरू झाली, सहाच्याही वरून, म्हणजे आमची मुलगी मुळात किती हळू पळायची ते पहिल्यांदाच कळलं. रेघ उतरत उतरत आली. शेवटी त्यांनी मुनिरक्याचा तो चार सत्तावीसचा ठिपका दिला, आणि तिला हाक मारली.

तो ठिपका रेघेवर होता. अगदी रेघेवर, तिच्यातूनच निघाल्यासारखा. ट्रॅकवर ती घाबरलीही नव्हती, बिघडलीही नव्हती, भाच्याचं घड्याळ चांगलं होतं आणि माझी साबुदाण्याची खिचडीही. ती जिथे होती तिथेच होती. तो आकडा मी त्या दिवशी लिहिला नसता तर त्यांना हे जुळवता आलं नसतं बघ. म्हणून म्हणते, पुसू नकोस.

मग आजोबांनी पट्टी ठेवून रेघ पुढे नेली, तुटक तुटक, परीक्षेच्या दिवसापर्यंत. आम्ही तिघं त्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होतो. ती जाऊन टेकली चारवर.

“खाली की वर?” तिने विचारलं.

“पेन्सिलीची जाडी आहे तेवढा फरक,” ते म्हणाले.

“जाडी कुठल्या बाजूला धरायची?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. नकाशा मात्र त्यांनी त्या संध्याकाळी भिंतीवरून उतरवला आणि न बांधलेल्या रस्त्यावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारून परत लावला. तेवढंच. चूक झाली वगैरे ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चौक ते टाकीच्या अलीकडे दोनशे मीटर त्यांनी टेपने मोजून चुन्याची रेघ मारली. जायचं आणि परत यायचं, असं दोनदा. आता ती सगळा वेळ मला दिसायची, आणि घड्याळ मात्र अजिबात दया दाखवायचं नाही. चार वीस. चार सतरा. मग तिला खोकला झाला आणि ओळीने खाडे. नंतर पुन्हा चार एकोणीस, म्हणजे गेलंच मागे. मीही खोकल्यावर काढे देऊन देऊन तिचा जीव नकोसा केला. फोटो खणातच होता. नागपूरहून एक फोन आला, आजोबा म्हणाले, “होळीनंतर कळवतो.” ती शेजारच्या खोलीत बूट बांधत होती. चार नऊ. चार पाच. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या चौकोनात चार दोन आहे. चारच्या आत ती एकदाही आली नाही.

परीक्षेचं ग्राउंड उंच भिंतीच्या आत होतं. पालक बाहेर. फाटकावरच्या हवालदाराने सांगितलं, मुली तुकड्या-तुकड्यांनी पळणार. ज्या वेळेत बसणार नाहीत त्यांना लगेच या लहान दारातून बाहेर सोडणार, आणि ज्या पास होतील त्या आतच राहणार, पुढे लांब उडी आहे. आत काही दिसत नव्हतं. नुसती शिट्टी ऐकू यायची. माझ्या पिशवीत घड्याळ होतं. पहिली शिट्टी झाली आणि माझा हात आपोआप तिकडे गेला, मग लक्षात आलं, ती कुठल्या तुकडीत आहे हेच माहीत नाही.

थोड्या वेळाने लहान दार उघडलं. दोन मुली, एक रडत, एक नुसतीच चालत. त्यांच्या आया पुढे झाल्या. पुन्हा शिट्टी. पुन्हा दार. एक पिवळा शर्ट दिसला, तिचाही पिवळाच होता. दुसरीच होती. आजोबा दाराकडे पाठ करून नोटीस बोर्ड वाचत होते, तीच नोटीस, पुन्हा पुन्हा.

“आली का?” वळून न बघता विचारायचे.

“नाही.”

पुन्हा दार. “आली?”

“नाही हो.”

आणि बघ, अख्खा हिवाळा मी ती दिसावी म्हणून विटांवर बसून काढला होता. आता मात्र प्रत्येक वेळी दार उघडलं की मनात म्हणत होते, दिसू नकोस बाई, दिसू नकोस. बाहेर आलेल्या मुलींकडे बघायची लाज वाटत होती, त्यांच्याही आया माझ्यासारख्याच. किती वेळ गेला ठाऊक नाही, घड्याळ असून बघितलं नाही. शेवटी हवालदाराने लहान दाराची कडी लावली.

“बस, हो गया,” तो म्हणाला.

“और लड़कियाँ?” मी विचारलं. 

“अंदर हैं माताजी, कूद रही हैं.”

आजोबा इस्त्रीच्या पँटसकट फुटपाथवर बसले. मी शेजारी बसले.  मग ते म्हणाले, “घरी जाताना दूध घेऊ या जास्तीचं.”

ती संध्याकाळी बाहेर आली, गुडघ्याला वाळू, छातीवर नंबर तसाच. आजोबांनी पहिलं विचारलं ते, “किती मिनिटं?”

“वेळ नाही सांगितली बाबा. नुसते पास झालेल्यांचे नंबर पुकारले, त्यात माझा होता.”

त्यामुळे त्यांच्या ग्राफला शेवटचा ठिपका नाही. तिने अंदाजे द्या म्हटलं तरी त्यांनी दिला नाही. आणि माझ्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात खाली काही नाही, वर फक्त लिहिलंय, दूध एक लिटर जास्त. बासुंदी केली होती. फोटो दुसऱ्या दिवशी आजोबांनी पाकिटात घालून, नम्रपणे, नागपूरला परत पाठवला.

ती पानं आणि तो ग्राफ अजून माझ्या कपाटात आहेत. ये आणि बघ. मागचा रस्ता केव्हाच पूर्ण झालाय, नकाशात होता तसाच, फक्त आता दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. पुरा आठशेचा आहे, आजोबांनी जाण्याआधी एकदा टेपने मोजून ठेवलाय. येताना बूट आण. विटांच्या जागी आता बाक आहे, मी त्यावर बसेन, घड्याळ चालतंय अजून. या आठवड्यात नाही जमलं तर पुढच्यात ये, पण लवकर ये, थंडी संपायच्या आत. आत्यालाही सुट्टी टाकायला सांगते. आणि ते पुसलेलं आठवून आठवून परत लिही. नाहीच आठवलं तर खाडा लिही, पण रिकामं ठेवू नकोस.